सहा व्होल्टची सून

एकदा एका नव्या सुनेच्या कानावर तिच्यासाठी नसलेलं एक वाक्य पडलं. ओसरीवर तिच्या नवऱ्याच्या आत्याबाई शेजारणीला सांगत होत्या, "गुणाची आहे हो पोर, पण सहा व्होल्टची. कितीही सेल्फ मारा, सुरूच होत नाही."

उपमा घरचीच होती. अंगणातला जुना ट्रॅक्टर सहा व्होल्टच्या बॅटरीवर चाले. सेल्फ, म्हणजे इंजिनला पहिला झटका देणारी मोटर, नुसता कण्हत असे. म्हणून ट्रॅक्टर कायम उतारावर उभा करायची आणि ढकलून सुरू करायची त्या घराची रीत. सुनेला हसू आलं, आणि लागलंही. त्या घरात तिला प्रश्न पुष्कळ विचारले जात. "चहात साखर किती गं?" असं कोणी म्हटलं, की तिने तोंड उघडण्याआधी आत्याबाई सांगत, "कमीच घेते ती." मग ती तसाच चहा पिऊन टाके.

त्याच दिवशी ट्रॅक्टर बारा व्होल्टचा करायला एक वृद्ध मिस्त्री आले. तिचा नवरा त्यांचाच शिष्य. त्याने नवा सेल्फ आणून ठेवला होता. उस्तादांनी बॅटरी बदलली, डायनामो बदलला, चांगले चालते दिवे आणि हॉर्नही काढून नवे बसवले. ज्याला सगळे नावं ठेवत, तो सेल्फ मात्र पुसून पुन्हा जागच्या जागी लावला.

"उस्ताद, चांगलं ते काढलंत आणि बिघडलेलं ठेवलंत?"

"ट्रॅक्टर सपाटीवर घे."

"आणि सुरू नाही झाला तर?"

"ढकलायला आत्याबाई आहेत की."

शिष्याने बटण दाबलं. इंजिन असं धडधडलं, की आत्याबाईंचा पदर तोंडाला गेला आणि शेजारीण टाळ्या पिटू लागली.

उस्ताद शांतपणे म्हणाले, "दिवा नाजूक. दुप्पट जोर मिळाला की क्षणभर लखलखतो आणि जळतो. म्हणून तो बदलावा लागतो. सेल्फ जात्याच दणकट. तो दुबळा कधीच नव्हता, बाळा. त्याला मिळतंय किती, हे न पाहताच आपण त्याची पारख करत राहिलो."

सुनेने सगळ्यांसाठी चहा आणला. साखरेचा डबा आत्याबाईंच्या हातात होता. "हिला कमीच..." त्या म्हणू लागल्या.

सून हसून म्हणाली, "आत्याबाई, मला तीन चमचे साखर लागते. आणि सेल्फ मारलात की जरा थांबत जा. मी सुरू होते."