एक टाका, एक उचला

"अहो, पण आजोबांचे पैसे जातात तरी कुठे?" बोरगडचे मानाजीराजे सिंहासनावरून गरजले.

प्रश्न रास्त होता. थोरल्या महाराजांनी पाडलेला पैसा म्हणजे अस्सल तांब्याचा जाडजूड ढबू! नातवाचा पैसा पातळ, वर तांब्याचा नुसता मुलामा आणि आत काय ते टांकसाळीलाच ठाऊक. किंमत मात्र दोघांची एकच! मग काय, लोक नवा पैसा बाजारात चालवीत आणि ढबू घरी मडक्यात टाकीत. पाच-सहा वर्षांत बाजारात औषधालासुद्धा ढबू उरला नाही. शेवटी राजेसाहेबांनी दवंडी पिटवली. जो कोणी जुने पैसे साठवील, त्याचे पैसे जप्त!

पहिली सापडली गोजरा माळीण. गल्ल्यातल्या चिल्लरीत ढबू दिसला की ती तो कनवटीला लावी आणि गिऱ्हाइकाला मोड देताना हटकून नवाच पैसा काढी. असे तीनशे ढबू जमले होते. थंडीच्या दिवसांत पहाटे गार पाण्यात भाजी धुऊन धुऊन तिची बोटं बधिर होत. ते ढबू आटवून तांबटाकडून एक घंगाळ करून घ्यायचं, त्यात कढत पाणी ओतायचं आणि एकदा ऐसपैस न्हायचं, एवढीच तिची हौस. पण दिवाणजी वांगी घ्यायला म्हणून आले, मुद्दाम दिलेला ढबू तिच्या कनवटीला जाताना पाहिला आणि मडक्यासकट तिला दरबारात घेऊन गेले.

"काय गं, माझ्या पैशात काय वाईट आहे?" राजेसाहेबांनी विचारलं.

"वाईट कसं असंल, सरकार! थोरले म्हाराज वडीलधारे, त्यांना आम्ही घरात बसवून ठेवतो. आपण तरणेबांड, आपण गावभर हिंडायला नको व्हय?"

राजेसाहेबांच्या मिशा जरा हलल्या. पण दवंडी ती दवंडी, आणि हट्ट तो हट्ट! त्यांनी एक मोठी परात मागवली, तीत गोजराचे तीनशे ढबू ओतवले, वर आपले तीनशे नवे पैसे ओतवले आणि सगळं कालवायला लावलं.

"दिवस मावळायच्या आत जुने नि नवे वेगळे कर. जमलं तर जुने तुझे, नाहीतर जप्त! पण पैशाला बोट लावायचं नाही. काठी, चिमटा, चाळण चालणार नाही. आणि कुणाला 'निवडून दे' असंही म्हणायचं नाही!"

 गोजराने चोहीकडे पाहिलं. फडणीस, खजिनदार, कोठीवाले, सगळे परातीकडेच बघत होते. त्यातही ढबूंकडे! दिवाणजींनी तर आवंढा गिळला. ते पाहिलं आणि तिच्या जिवात जीव आला.

"कबूल, सरकार. फकस्त परात मधल्या दालनात पडद्याआड ठेवा. ज्याला वाटंल त्यानं एक पैसा टाकावा आन् एक उचलावा, येवढी मुभा द्या."

"एक टाकायचा, एक उचलायचा? अगं, त्याने परात होती तशीच राहील!"

"राहू द्या की!"

"दिली मुभा," राजेसाहेब म्हणाले, आणि खांदे उडवून जेवायला गेले.

गोजरा बाहेर पायरीवर जाऊन मेथी निवडत बसली. दालनात मात्र त्या दिवशी विलक्षण वर्दळ! फडणिसांना चार वेळा दौत विसरल्याची आठवण झाली. खजिनदार पडद्याआड गेले ते बराच वेळ बाहेरच आले नाहीत. दिवाणजींनी घरून चिल्लरीची थैली मागवून घेतली. दर वेळी आतून 'खळ्' असा एक आवाज येई आणि गोजरा गालातल्या गालात हसे.

दिवस कलला. परात बाहेर आली. राजेसाहेब वाकून बघतात तो काय! सहाशेच्या सहाशे पैसे नवे कोरे! औषधालाही ढबू नाही!

"नवे निवडलेस खरे," राजेसाहेब चकित होऊन म्हणाले, "पण जुने कुठे आहेत?"

"हितंच हायेत, सरकार. जरा सगळ्यांनी आपापले कसे-बटवे उघडावेत."

दिवाणजींना एकदम खोकला आला.

"उघडा!" राजेसाहेब गरजले.

खण्, खण्, खणाखण! कशांतून, पागोट्यांतून, एकाच्या तर जोड्यातूनसुद्धा ढबू निघाले. परातीशेजारी त्यांचा वेगळा ढीग लागला; ज्याने जितके ढबू त्यात टाकले, त्याला परातीतून तितके नवे पैसे परत मिळाले. शेवटी मोजदाद झाली. दोनशे नव्याण्णव!

"एक कमी!" दिवाणजींचा खोकला तिथल्या तिथे बरा झाला. "अट मोडली, सरकार! जप्त करा!"

गोजरा राजेसाहेबांकडे बघून हात जोडून म्हणाली, "सरकार, मी 'सगळ्यांनी' म्हनलं व्हतं."

 राजेसाहेबांचा चेहरा लालेलाल झाला. त्यांनी हळूच शेल्यात हात घातला आणि एक जाडजूड ढबू त्या ढिगावर टाकला.

"जेवून येता येता... आजोबांची आठवण म्हणून..."

"मंग आमचा काय गुन्हा, सरकार? आम्हालाबी त्यांचीच आठवण येती. जरा जास्त येती, इतकंच!"

राजेसाहेब खो खो हसत सुटले. "जिंकलीस! ने तुझे ढबू. दवंडी रद्द! आणि दिवाणजी, घंगाळाची मजुरी तुमच्या थैलीतून!" मग परातीतले मूठभर नवे पैसे उचलून ते तिच्यापुढे धरून म्हणाले, "हे माझ्याकडून. हेही त्या घंगाळात ओत!"

गोजरा दोन पावलं मागे सरली. "नको, सरकार! घंगाळ गळंल!"

आता मात्र राजेसाहेबांना हसता हसता सिंहासनाचा दांडा धरावा लागला. डोळे पुसत त्यांनी राजवाड्याच्या कोठीतून पन्नास ढबू आणवले (कोठीत ते होतेच!), गोजराच्या ओटीत घातले आणि त्याच पावली टांकसाळीत हुकूम धाडला, "उद्यापासून माझा पैसाही आजोबांच्या मापाचा, निखळ तांब्याचा पाडा!"