रंगीत खोपे

बाभळी अजून बोलत होत्या, तेव्हाची गोष्ट. विहिरीवर वाकलेल्या बाभळीवर झिपऱ्या नावाचा सुगरण पक्षी अर्धा खोपा विणायचा. मादीने पसंत केला तरच पुरा करायचा, अशी त्यांची रीत.

एकदा समुद्रापलीकडून बदक आलं. म्हणालं, “खोपे रंगवून द्या, तिकडे खपवतो. बदल्यात पोटभर दाणे.”

रंग विहिरीतच कालवले. दाण्यांच्या वासाने रानोमाळचे सुगरण जमले, बाभूळ खोप्यांनी लगडली.

मादी आली. खोप्याकडे तिने बघितलंही नाही. “पिल्लांना हे पाणी पाजू?” म्हणाली आणि उडून गेली.

झिपऱ्या बदकाकडे गेला. ते बोचकं बांधत होतं.

“असल्या घाणीत कोण राहील रे?” बदक म्हणालं. “दुसरी विहीर आहे का कुठे?”

“आहे ना, मालक,” झिपऱ्या लगबगीने म्हणाला, “माझा धाकटा भाऊच राहतो तिथं.”