वीस रिकामे संगणक

नदीकाठच्या रानमळी गावात एक कॉलेज होतं, आणि तिथले संगणक सांभाळायचे त्रिंबक सर. माणूस हुशार हो, पण सगळा जीव आपल्या चाळीस संगणकांत अडकलेला.

त्या खोऱ्यातल्या तीन कॉलेजांनी आपले संगणक एकमेकांना जोडले होते. एकाचे मोकळे असतील तेव्हा दुसऱ्याने वापरायचे, असं ठरलं होतं. कोणाचे किती मोकळे, ते तिघांनाही पडद्यावर दिसायचं. सरांनी काय करावं? वीस संगणकांना उगाचच आकडे मोजत बसवलं! पडद्यावर दिसायचं, ‘कामात’. शेजारच्या शिरटेकच्या शकीला मॅडमनी बियाण्यांच्या संशोधनासाठी दोनदा मागितले. दोन्ही वेळा सरांनी हात वर केले.

एके सकाळी वरच्या डोंगरात पाऊस नुसता कोसळला. संध्याकाळी रानमळीत पूर येणार, हे नक्की. पण कुठल्या वस्तीत आधी शिरणार? गावात ट्रॅक्टर होते पाचच. आधी कोणाला हलवायचं, ते कळायला हवं होतं. चाळीस संगणकांना तो हिशोब करायला संध्याकाळ झाली असती. तिन्ही कॉलेजांचे एकशेवीस लावले, तर दुपारच्या आत उत्तर.

सर फोनकडे बघत बसले. मॅडमचं काम सहा दिवस चाललेलं, ते थांबवा म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचं? लाजेने कान तापले त्यांचे. पण नदीकाठी सहाशे माणसं होती. त्यांनी फोन उचलला.

“मॅडम, माझे वीस संगणक रिकामेच होते. मी खोटं दाखवलं. आज मला तुमचे सगळे हवेत.”

“भांडण उद्या करू, सर. आधी काम पाठवा.”

तिसऱ्या कॉलेजनेही आपलं काम थांबवलं. साडेअकराला उत्तर आलं: आधी भोईवाडा, मग मळ्यातली वस्ती. ट्रॅक्टर धावले. पाचला पाणी घरांत शिरलं, तेव्हा माणसं, गुरं, अगदी कोंबड्यासुद्धा टेकडीवर होत्या. एकही जीव गेला नाही! लोकांनी सरांना खांद्यावर घेतलं आणि हलगी कडाडली.

दुसऱ्या दिवशी कबूल केल्याप्रमाणे मॅडमचा फोन आला.

“भांडा, मॅडम,” सर म्हणाले. “पण आधी पडदा बघा. चाळीसच्या चाळीस तुमच्या बियाण्यांच्या कामाला लावलेत.”

तात्पर्य: सगळ्यांच्या उपयोगाचं साधन दडवू नये, आणि दडवलं असेल, तर चूक कबूल करायला लाजू नये. खरं बोलून वाटून घेतलं, की अडल्या वेळी सगळ्यांचं बळ आपलं होतं.