सखी मंडळात द्वारकी

एका गावात एक भोळी मुलगी होती, तिचं नाव द्वारकी. बारावी झाली आणि ती तालुक्याच्या मुलींच्या कॉलेजात आली, वसतिगृहात राहू लागली. तिथं मुलींचं एक सखी मंडळ होतं. मंडळातल्या मुली बहिणींसारख्या एकमेकींना धरून असायच्या. एकीला ताप आला की दुसरी पेज घेऊन यायची. द्वारकीला घरची आठवण फार यायची. तिला वाटलं, आपणही या मंडळात जावं.

पण नुसतं नाव देऊन भागत नसे. नव्या मुलींना दर शनिवारी वर्ग असायचा. कसं बोलावं, कसं वागावं, हे वर्षभर शिकायचं आणि स्नेहसंमेलनाच्या दिवशी पक्की सखी व्हायचं. शिकवायला वृंदाताई, मंडळाची अध्यक्ष. द्वारकीनं ठरवलं, वृंदाताईचा शब्द खाली पडू द्यायचा नाही.

पहिल्या वर्गात वृंदाताईनं सांगितलं की बोलताना भ्यायचं नाही, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे. पुढं बक्षीस समारंभ होता. प्राचार्यबाई नवी साडी नेसून व्यासपीठावर उभ्या होत्या आणि पदराला दुकानातली चिठ्ठी तशीच लटकत होती. वृंदाताईनं द्वारकीला पाठवलं, बाईंना सांगून ये म्हणून. द्वारकी सभागृहाच्या मधोमध गेली, ताठ उभी राहिली आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाई, तुमच्या साडीला सेलची चिठ्ठी आहे."

शेवटच्या रांगेनं ऐकलं. टाळ्याही वाजवल्या.

वृंदाताईनं कपाळाला हात लावला. म्हणाली, अगं, असं काही सांगायचं असलं की जवळ जावं, कानाशी वाकावं आणि हळूच सांगावं. द्वारकीनं मान डोलावली.

आठवडाभरानं मंडळाच्या खोलीत मुली चहा करत होत्या. स्टोव्हच्या भडक्यानं मागचा पडदा पेटला. बाकीच्या गप्पांत होत्या, एकट्या द्वारकीनंच ते पाहिलं. ती उठली. वृंदाताई मोठी, म्हणून आधी तिच्याकडे जायला निघाली, पण वाटेत मालन बसली होती. मालनच्या कानाशी वाकली, हळूच म्हणाली, "पडदा पेटलाय." मालनला वाटलं, कुठल्याशा नाटकातलं काही सांगतेय. मग कुंदाच्या कानात, मग शकूच्या. वृंदाताईच्या कानापर्यंत बातमी पोचली तेव्हा पडदा संपून मंडळाचा फलक जळत होता.

आग विझली, पण प्राचार्यबाईंनी खोली काढून घ्यायचं मनावर घेतलं. वृंदाताईचा आवाज चढला. पेटलेलं दिसलं की बोलत बसायचं नाही, आधी बादलीभर पाणी ओतायचं, मग सांगायचं. द्वारकीला वाईट वाटलं. या खेपेला चुकायचं नाही, असं तिनं स्वतःला बजावलं आणि कोपऱ्यात बादली भरून ठेवली.

पुढच्या शनिवारी गावातल्या डॉक्टरीणबाई आरोग्यावर बोलायला आल्या. समईपाशी गेल्या, काडी ओढली, पहिली वात लावली. द्वारकीनं बादली उचलली. आधी पाणी ओतलं, मग सांगितलं, "बाई, पेटलं होतं."

डॉक्टरीणबाईंच्या केसांतून पाणी गळत होतं. वृंदाताईला रडावं की ओरडावं कळेना. ती दात आवळून म्हणाली, "आता बघत उभी राहू नकोस. पाहुण्या आहेत त्या. शाल गुंडाळ, दंड धर, रिक्षात बसव आणि घरी पोचवून ये."

द्वारकीनं तसंच केलं. डॉक्टरीणबाई हसऱ्या स्वभावाच्या होत्या. त्यांनी निरोप धाडला की मुलगी मोठी मायाळू आहे, फार जपून आणलं. वृंदाताईनं पहिल्यांदा द्वारकीच्या पाठीवर हात ठेवला. पाहुण्यांना असंच सांभाळायचं, म्हणाली. द्वारकीला त्या रात्री घरची आठवण आली नाही.

स्नेहसंमेलन आलं. खोली तर जाणारच होती, म्हणून वृंदाताईनं गावातल्या वयस्कर यशोधराबाईंना गळ घातली होती. आपल्या मोठ्या घराचा पुढचा भाग त्या मंडळाला देणार होत्या आणि भाषणात ते जाहीर करणार होत्या. प्राचार्यबाई, पालक, सगळं गाव सभागृहात जमलं. वृंदाताईनं सत्काराची शाल द्वारकीच्या हाती दिली, तिला फाटकाशी उभं केलं आणि सांगितलं, पाहुण्या आल्या की नीट सांभाळ, मागच्यासारखं.

यशोधराबाई आल्या. द्वारकीनं वाकून नमस्कार केला. शाल गुंडाळली. दंड धरला.

सभागृहात वाट बघणं चाललं होतं. पेटीवाल्यानं स्वागतगीत दोनदा वाजवलं, प्राचार्यबाई घड्याळाकडे बघू लागल्या. शेवटी वृंदाताई धावत फाटकाशी आली. तेवढ्यात समोरून रिक्षा आली आणि आतून द्वारकी एकटीच उतरली, चेहरा समाधानानं फुललेला.

"यशोधराबाई आल्या का गं?" वृंदाताईनं विचारलं.

"केव्हाच आल्या," द्वारकी म्हणाली. "भाषण, भाषण म्हणत होत्या, पण मी ऐकलं नाही. घरी नेऊन अंथरुणावर निजवूनच आले, ताई."