पावशेराची घासलेली कड

वजनांच्या त्या राज्यात सगळ्यात जुनं वजन हेच खरं वजन मानलं जाई. ते झिजलं, तरी खरं. झिजण्याला तिथे अनुभव म्हणत.

सगळ्यात जुने होते शेरआबा. अंग गुळगुळीत, तोंडावरचा ठसा कधीच पुसलेला. चार पावशेर मिळून एक शेर, हे त्यांनीच पोरांना शिकवलेलं. पण चार नवी पावशेर पोरं समोरच्या पारड्यात बसली की आबा अधांतरी लटकत आणि वरूनच ओरडत, "माजलीत कार्टी! घासा त्यांना!" आपणच हलके झालो असू, हे आबांच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. बाकीच्या म्हाताऱ्यांनी ते बोलून दाखवण्याचा प्रश्नच नव्हता. तेही तेवढेच झिजले होते.

म्हणून कानसशाळा होती. तिथे पोरांना आडवं पाडून एका कडेला खाच पडेपर्यंत घासत. चौघं मिळून आबांच्या बरोबरीनं भरली, की पास.

एक पावशेर अर्धवट घासून झाल्यावर उठला. "मी चाललो. बंदराच्या राज्यात काम बघतो."

"तिकडे?" अडीशेरी मावशी म्हणाली. "तिकडे मूळ वजनासमोर बसवतात, बाबा. गुंजभर कमी भरलास तर परतीच्या गलबतात टाकतात."

"तुम्ही गेला होतात, मावशी?"

"जायला कशाला पाहिजे? ऐकलंय ना."

"जाऊ दे त्याला," आबा म्हणाले. "परत आला की उरलेला घासू."

गलबतात पावशेराला तीच एक धास्ती. अख्खा आला असता तर भीती नव्हती. पण थोडा तो त्या शाळेच्या जमिनीवर भुकटी होऊन पडला होता. परत जावं लागलं तर बाकीचाही तिथेच पडणार.

बंदरावर पितळी तराजू होता, त्याच्या एका पारड्यात मूळ पावशेर. आपला पावशेर दुसऱ्या पारड्यात बसला आणि ते वर गेलं.

"कमी आहेस," तराजू म्हणाला.

पावशेरानं मागे पाहिलं. त्याला गलबताचं शीड दिसत होतं.

"वळ जरा." तराजूनं कड पाहिली आणि तो हसला. "हां, तिकडचा! तुमची सगळी ह्याच बाजूनं घासलेली येतात. ए, शिसं आणा रे!"

"परत नाही पाठवणार?"

"इथे ढीगभर माल तोलायचा पडलाय. परत कशाला पाठवू?"

गरम शिसं खाचेत उतरलं. चटका बसला, चांगलाच. काटा हलत हलत मधोमध आला आणि थांबला. पावशेरानं किती दिवसांचा कोंडलेला श्वास सोडला. कौतुक कुणी केलं नाही. मूळ वजन उतरवून समोरच्या पारड्यात मिरी ओतली आणि काम सुरू झालं.

दुपारी दुसरं गलबत लागलं. त्याच राज्यातली पोरं उतरली आणि प्रत्येक जण एक कड भिंतीला टेकवून रांगेत उभा राहिला.

"अरे, लपवताय काय?" पावशेर पारड्यातून ओरडला. "वळा! इथे भरून देतात!"

आधी कुणी हललं नाही. मग एक वळला, त्याच्यामागून दुसरा. रांग सगळी वळली, आणि उन्हात सगळ्यांच्या खाचा एका रेषेत चमकल्या.