खाडीपलीकडचा निरोप

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या गावात ती घडली त्याचं नावही आता कुणाला सांगता येत नाही. गाव खाडीच्या काठी होतं. पंचवीस-तीस घरं आणि तांबड्या दगडाचं एक लहानसं चर्च. फादर वर्षातून दोनदा होडीनं येत. एरवी गावाची प्रार्थना कैतान सांगत असे.

कैतान प्रार्थना सांगू लागला की बाया हातातलं काम खाली ठेवत. त्याचा आवाज भरदार, शब्द नेमके, आणि सगळं पाठ. शेजारच्या गावांतूनही लोक यायचे. "देव ऐकतो तर कैतानचं ऐकत असेल," असं म्हणायचे. कैतानलाही हळूहळू तसंच वाटू लागलं होतं.

त्याला एक धाकटा भाऊ होता, इनास. लग्नानंतर तो खाडीपलीकडे राहायला गेला आणि तिथंच त्यानं भाजीचा मळा केला. आई मात्र कैतानकडे होती. एके दिवशी आईनं अंथरूण धरलं. इनासला निरोप गेला, पण तो पोचला तेव्हा आईवर माती लोटून झाली होती. सारा गाव कबरीभोवती उभा होता. इनास छातीपर्यंत चिखलानं माखला होता. मूठभर माती घालावी म्हणून तो वाकला.

कैतान म्हणाला, "राहू दे. आईला तू नव्हतास, आता मलाही नाहीस."

इनासनं वर पाहिलं. काहीतरी सांगायला त्याचे ओठ हलले. पण कैताननं पाठ फिरवली आणि पुढची प्रार्थना सुरू केली. इनास तसाच परत गेला.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. कैतान रोज देवापुढं गुडघे टेकायचा आणि सगळ्यांच्या नावानं मागून झालं की शेवटी म्हणायचा, "प्रभू, माझ्या भावाचं मन वळव. त्याला त्याची चूक दिसू दे. त्याला माझ्या दारात आण." हे मागताना त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. ते पाणी खोटं नव्हतं.

एका सकाळी प्रार्थना सांगता सांगता त्याला पुढचा शब्दच आठवेना. असं कधी झालं नव्हतं. चर्चमध्ये शांतता पसरली. त्या शांततेत त्याच्या मनात लख्ख उमटलं, 'तूच जा पलीकडे.' कुणी कानाशी बोलावं इतकं स्पष्ट. कैतान दचकला. मग त्यानं घसा खाकरला आणि आधीपेक्षा मोठ्या आवाजात स्तोत्र सुरू केलं.

त्यानंतर काही दिवसांनी होडीवाला त्याच्या अंगणात आला. म्हातारा माणूस, कमी बोलणारा. टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"कैतानबाबा, एक गोष्ट सहा वर्षं पोटात ठेवलीय," तो म्हणाला. "तुमच्या आईला माती दिली त्या दिवशी माझी होडी ओहोटीत रुतली होती. भरती येईपर्यंत थांब, असं मी इनासला म्हटलं. तो थांबला नाही. छातीएवढ्या चिखलातून चालत निघाला. दोनदा आत गेला, मला वाटलं संपला. म्हणून उशीर झाला त्याला."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"भ्यालो. होडी माझी होती." म्हाताऱ्यानं मान खाली घातली. "आता सांगतोय, कारण तो फार खंगलाय. मळ्यात दिसत नाही. तुम्ही एकदा जाऊन या. आत्ता भरती आहे, मी सोडतो."

कैतान खाडीच्या दिशेनं वळला. क्षणभर पाय उचललाही त्यानं. पण मग त्याच्या मनात आलं, आपण असे धावत गेलो तर लोक काय म्हणतील? चूक आपलीच होती असं म्हणतील. तो म्हणाला, "इतकी मोठी गोष्ट देवाला विचारल्याशिवाय कशी करू? नऊ दिवस प्रार्थनेला बसतो. त्याची इच्छा असेल तर तो सांगेल."

होडीवाला टोपी डोक्यावर घालून निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून नऊ दिवसांची प्रार्थना सुरू झाली. कैताननं नियम केला की नऊ दिवस देवाशिवाय कुणाशी बोलायचं नाही आणि कुणाचं ऐकायचं नाही. गावाला कौतुक वाटलं. फक्त म्हातारी रेजिन, जी चर्च झाडायची, ती म्हणाली, "कैतान, भावाकडे जायला देवाची परवानगी कशाला रे लागते?" कैताननं ओठांवर बोट ठेवलं.

सहाव्या दिवशी दुपारी होडीवाला धापा टाकत चर्चच्या दाराशी आला. प्रार्थना रंगात आली होती. कैताननं डोळे न उघडताच हात वर केला : थांब. होडीवाला थांबला. पण पाणी उतरत चाललं होतं. शेवटी तो रेजिनच्या कानात दोन शब्द सांगून पळत गेला.

प्रार्थना संपल्यावर रेजिन कैतानच्या आडवी उभी राहिली. "इनासचा निरोप आलाय. त्याला तू..."

कैताननं हात जोडून तिला गप्प केलं. पण त्याचा चेहरा उजळला होता. 'निरोप आला म्हणजे त्याचं मन वळलं. देवानं ऐकलं. आता तीनच दिवस उरलेत. प्रार्थना पुरी होऊ दे, मग अभिमानानं जाईन.' रेजिन त्याच्यामागून अंगणापर्यंत बोलत आली. त्यानं दार लावून घेतलं आणि आतून स्तोत्र म्हणू लागला.

दहाव्या दिवशी सकाळी कैतान धुतलेला सदरा घालून होडीत बसला. होडीवाल्यानं त्याच्याकडे पाहिलं नाही.

इनासची बायको ओसरीवर बसली होती. तिचे डोळे कोरडे होते. घरात माणसांची कुजबुज होती आणि चूल थंड होती.

"इनास कुठंय?" कैताननं विचारलं.

"परवा मातीत ठेवला," ती म्हणाली.

कैतान तिथंच पायरीवर बसला. मग त्यानं विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलला?"

"चार दिवसांपूर्वी होडी पाठवली ती त्यानंच. दादाला बोलवा, त्याच्या तोंडची प्रार्थना ऐकून जातो, म्हणाला. संध्याकाळपर्यंत दाराकडे बघत होता. दुसऱ्या दिवशीही. मग होडीवाल्यानंच 'आमच्या स्वर्गातील पित्या' म्हटलं. म्हाताऱ्याला अर्ध्यावर शब्द आठवेनात. कुणालाच आठवेनात."

कैतानला हुंदका फुटला. "मी सहा वर्षं रोज त्याच्यासाठी प्रार्थना केली गं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "वारा इकडं वाहत असला की तुमचा आवाज पाण्यावरून इथपर्यंत यायचा. तो बांधावर बसून ऐकायचा. एकदा मला म्हणाला, दादा सगळं देवालाच सांगतो. मला का नाही सांगत?"

कैतान कबरीपाशी गेला. ओली माती अजून बसली नव्हती. त्यानं गुडघे टेकले, तोंड उघडलं, आणि एकही शब्द निघाला नाही. भरती येऊन होडी परत जायला उभी राहिली तरी तो तसाच होता.

त्यानंतर कैतान पुष्कळ वर्षं जगला. पण गावाची प्रार्थना त्यानं पुन्हा कधी सांगितली नाही. लोकांनी खूप विनवलं. तो मान हलवायचा आणि मागच्या बाकावर जाऊन बसायचा. आठवड्यातून तीन दिवस खाडी ओलांडून भावाच्या मळ्याला पाणी घालायचा. भावजय त्याला भाकरी वाढायची, पण 'दादा' म्हणून हाक तिनं त्याला कधीच मारली नाही, आणि त्यानंही ती मागितली नाही.

बाळांनो आणि मोठ्यांनो, ध्यानात ठेवा : देवाचं उत्तर बहुतेक वेळा माणसाच्या तोंडून येतं, आणि आपलीच प्रार्थना ऐकत बसणाऱ्यासाठी ते थांबून राहत नाही.