एका माळेचं खिमट

"आता आणखी काय करू मी? तुम्हीच सांगा, बुवा!"

पद्माकरानं वाटी ओटीवर आदळली.

पद्माकर म्हणजे आमच्या मठाचा आचारी आणि बुवांचा शिष्य. सोवळ्याचा कद नेसल्याशिवाय चुलीला शिवायचा नाही, आणि आम्हाला कुणाला स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडू द्यायचा नाही. आज त्याच्या त्या कदावर, छातीवर, अगदी मिशीतसुद्धा खिमट उडालेलं.

उडवणारी माझ्या मांडीवर होती. येसू, दीड वर्षाची. आमच्या माळ्याची, भिवाची पोर. आई आजारी पडून तालुक्याच्या दवाखान्यात, भिवा तिच्या उशाशी, आणि पोर आमच्याकडे. अजून अंगावर पिणारी ती, वरचं दूध तोंडाला लावत नव्हती. कालपासून अर्धं केळं काय ते पोटात. रडून रडून आवाज बसला होता तिचा. माझा जीव नुसता कासावीस होत होता, आणि हा मेला वाट्या आदळतोय.

"हळू ठेव की रे! पोर दचकते," मी म्हटलं.

"काकू, तुम्ही मध्ये बोलू नका. काल गुरगुट्या भात केला, थुंकली. नाचणीची पेज केली, थुंकली. आज मूग-तांदळाचं खिमट, वर घरचं तूप. तेही थुंकली! मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढून झाली. हट्टी आहे कार्टी, दुसरं काही नाही."

बुवा उपरण्याच्या टोकानं येसूची हनुवटी पुसत होते.

"शिजलं होतं?"

"म्हणजे काय! एक पूर्ण माळ जपली, मगच पातेलं उतरवलं. नेहमी तसंच करतो."

"मीठ?"

"तेही नेहमीसारखंच."

"चाखलंस?"

पद्माकरानं कानांना हात लावले. "शिव शिव! नैवेद्याआधी चाखू?"

"नैवेद्यानंतर?"

"नंतर तो प्रसाद झाला. प्रसाद का कुणी चाखून बघतं? आणि मी तर दूध-फळांवर असतो. तुम्हाला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. आम्हाला सगळ्यांनाच ठाऊक होतं. हा दूध-फळं खायचा आणि त्याच्या हातचं आम्ही जेवायचो. प्रसादाला नावं ठेवू नयेत, म्हणून मुकाट्यानं गिळायचं आणि वर तांब्याभर पाणी प्यायचं. नवा कुणी मठात आला की पहिल्या घासाला माझ्याकडे बघायचा. मी ताटाकडे बघायचे.

बुवांनी वाटी स्वतःकडे ओढली.

"मला नाही जमायचं हे," पद्माकर म्हणाला. "देवाचा स्वयंपाक करणारा माणूस मी. पोरं भरवायला आलो का इथं? हिला कुठं तरी धाडा, नाहीतर मी तरी जातो."

"जा," बुवा म्हणाले. "पण आधी इथं बस."

तो फणकाऱ्यानंच बसला. बुवांनी वाटीतला एक घास उचलला.

"आ कर."

"मी?"

"याचा नैवेद्य दाखवलास ना?"

"दाखवला."

"मग हा प्रसाद. नको म्हणतोस?"

आता नको कसं म्हणणार! पद्माकरानं आ केला.

डाळ कचकन वाजली, ती मला इकडे ऐकू आली. मग मीठ लागलं असणार. पंगतीची सवय झालेला त्याचा हात. पातेलं लहान असो की मोठं, मूठ तीच. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं अंगणाकडे बघितलं, बुवांकडे बघितलं.

"थुंकू नको हं," मी म्हटलं. राहवलं नाही मला.

त्यानं कसंबसं गिळलं. येसू टक लावून त्याच्या तोंडाकडे बघत होती.

बुवांनी दुसरा घास पुढे केला. "आ..."

पद्माकरानं मान फिरवली.

"आ कर..."

त्यानं हात झटकला. वाटी कलंडली आणि सगळं खिमट बुवांच्या धोतरावर.

बुवा माझ्याकडे वळले. "हट्टी आहे कार्टं. दुसरं काही नाही."

पद्माकर उठला. वाटलं, आता हा पिशवी भरतो आणि चालू लागतो. पण तो सरळ स्वयंपाकघरात गेला. बराच वेळ जपाचा आवाज येईना, म्हणून मी पोरीला कडेवर घेऊन उंबरठ्यापर्यंत गेले.

माळ खुंटीला टांगलेली होती. चुलीवर सगळ्यांना पुरेल असं नवं पातेलं चढलं होतं. हा चुलीपाशी उकिडवा बसून डाळीचा दाणा चिमटीत दाबून बघत होता. दाबला, मान हलवली, गरम पाणी ओतलं, पुन्हा झाकण ठेवलं. पुन्हा दाबला. मग बेतानं मीठ घालून पळीनं घोट घोट घोटलं. आणि मग त्यानं पळीतलं थोडं तळहातावर घेतलं, आणि चाटलं.

कद नेसून! नैवेद्याआधी! बाई गं, मी तोंडावर हातच ठेवला.

तो वाटी घेऊन, फुंकर घालत बाहेर आला. येसूनं ओठ घट्ट मिटले. बरोबरच आहे, दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकूनच पितात. त्यानं तिच्यासमोर एक घास स्वतः खाल्ला. तिनं त्याच्या तोंडात बोट घालून बघितलं. मग हळूच आपलं तोंड उघडलं.

घास गेला. गालात राहिला... आम्ही कुणी हललो नाही.

तिनं गिळला.

आणि मग दोन्ही हातांनी वाटीच ओढली तिनं. मला रडू आवरेना. पद्माकर तिला भरवत राहिला, वाटी रिकामी होईपर्यंत.

आम्हाला सगळ्यांना त्याच पातेल्यातलं वाढलं. बुवांनी ताट पुढे करून पुन्हा मागितलं. इतक्या वर्षांत त्यांनी पुन्हा मागितलेलं मी कधी बघितलं नव्हतं. पद्माकरानंही नव्हतं. वाढता वाढता त्याची पळी तिथंच थांबली.

"बुवा... म्हणजे इतकी वर्षं?"

बुवा जेवत राहिले.

"कुणीच कसं बोललं नाही मला? माणसांचं राहू द्या. पण देवानं तरी? रोज त्याच्यापुढे ठेवत होतो की मी!"

येसू माझ्या खांद्यावर झोपी गेली होती. बुवांनी बोटानं ताट निपटून घेतलं.

"देवाला थुंकता येत नाही रे," ते म्हणाले. "उद्यापासून नैवेद्य आधी हिला दाखव."